कुठे उभं राहून बघायचं

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात रिबेकाच्या पुतळ्यापुढे बहुतेक लोक एकाच जागी उभे राहतात, बरोबर समोर. फोटो तिथून छान येतो. संगमरवरी बुरख्याआडून चेहरा दिसतो, ‘वा, दगडाचा असून आरपार दिसतो बघा’ असं कुणीतरी म्हणतं आणि मंडळी पुढच्या दालनाकडे वळतात. पण तिच्यासमोरून दोन-तीन पावलं बाजूला सरकावं, चेहऱ्यावरचा उजेड तिरका होईल अशी जागा शोधावी आणि मग हनुवटीपासून वर बघत जावं. तिथून त्या शिल्पकाराची करामत कळायला लागते.

मुळात तिथे चेहरा आणि त्यावर बुरखा असं काही नाहीच. दगडाचा पृष्ठभाग एकच आहे. कापड जिथे अंगाला टेकतं, म्हणजे नाकाचा शेंडा, ओठ, हनुवटी, तिथे दगड मऊ, गोलसर ठेवला आहे. कापड जिथे अंगापासून सुटतं, डोळ्यांच्या खोबणीत किंवा गालाच्या कडेला, तिथे चुण्यांना बारीक धार दिली आहे. धारेची सावली पडते आणि आपला डोळा बाकीचं काम स्वतःच करतो: ही धार म्हणजे कापड, हा मऊपणा म्हणजे कातडी. पारदर्शकपणा दगडात नाही, चुण्यांच्या हिशेबात आहे. एक चुणी गालावरून उतरताना मध्येच विरते आणि मानेपाशी पुन्हा उमटते. मधल्या त्या कोऱ्या जागेत गालाचा उंचवटा आपणच भरून काढतो. जिओव्हानी मारिया बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराने ती जागा कोरी सोडली, यात त्याच्या छिन्नीइतकाच त्याचा संयम दिसतो.

प्रसंगही त्याने नेमका निवडला. बायबलातली रिबेका लग्नासाठी परमुलखातून येते आहे. दुरून इसहाक दिसतो, हाच आपला नवरा असं कळतं आणि ती उंटावरून उतरून तोंडावर पडदा ओढते. पदर सावरण्याच्या त्या क्षणात लाज आहे, उत्सुकता आहे आणि स्वतःला सावरून घेणंही आहे. पहिले सालारजंग, म्हणजे निजामाचे दिवाण मीर तुराब अली खान, १८७६ मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेले तेव्हा त्यांनी हा पुतळा रोममध्ये घेतला. पडदानशीन घराण्यातल्या एका दख्खनी मुत्सद्द्याने रोममधल्या सगळ्या संगमरवरातून पडदा घेतलेली नववधू उचलावी, या निवडीचंच मला फार अप्रूप वाटतं.

या शहरातले माझे दिवस असेच जातात. वस्तूपुढे गेले की आधी मी जागा शोधते. माझं असं ठाम मत झालं आहे की चांगला कारागीर वस्तू घडवतानाच पाहणाऱ्याने कुठे उभं राहावं हेही ठरवून ठेवतो. ती जागा सापडली की वस्तू बोलायला लागते.

बीड जिल्ह्यात वाढलेल्या माणसाच्या अंगात ही सवय बहुधा आधीपासूनच असते. बीडचं कंकालेश्वर मंदिर पाण्याच्या मधोमध आहे. त्या मंदिराचा आराखडा ताऱ्यासारखा कोनाकोनांनी फिरत जातो आणि ती कोनांची लय कळायला अंतर लागतं; भोवतालच्या पाण्याने ते अंतर आपोआप राखलेलं आहे. आधी लांबून बघा, मग जवळ या आणि भिंतीवरच्या एकेका मूर्तीपाशी थांबा. परळीला याच्या उलट. तिथे वैजनाथाच्या लिंगावर हात ठेवून दर्शन घेता येतं. बघण्याच्याही आधी तळहाताला दगडाचा गारवा कळतो. एकाच जिल्ह्यात एक देऊळ लांब उभं करतं आणि दुसरं हाताला धरून जवळ घेतं.

आणि हैदराबाद हे आमचं जुनं मोठं शहर. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला, त्याआधी बीड हैदराबाद राज्यात होतं. माझ्या अंबाजोगाईचं त्या काळचं नाव मोमिनाबाद. तिथे घोडदळाची छावणी होती. जमिनीचे जुने कागद आजही अनेक घरांत उर्दूतले निघतात. ज्यांनी निजामाविरुद्धच्या लढ्याचं नेतृत्व केलं ते स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईच्या शाळेत शिकवायचे, आणि त्यांचं स्मारक हैदराबादेत बेगमपेठेत आहे. रझाकारांच्या काळाच्या आठवणी आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी हळू आवाजात सांगितलेल्या मी ऐकल्या आहेत. इथल्या संग्रहांमागचा जहागिरींचा पैसा रयतेच्या घामातून आला हेही खरं. हे सगळं मनात घेऊनच मी या शहरात येते. परळीहून गाडी उदगीर, भालकी, बिदर, जहिराबाद करत विकाराबादला पोहोचते, काळी जमीन मागे पडून तांबडी सुरू होते, आणि तरी परक्या मुलखात आल्यासारखं वाटत नाही.

तर संग्रहालय. हा पसारा बव्हंशी एका माणसाच्या हौसेचा आहे. तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान १९१२ ते १९१४ एवढाच काळ दिवाण होते. पद सुटल्यावर उरलेलं आयुष्य त्यांनी वस्तू गोळा करण्यात घालवलं. लग्न केलं नाही. १९४९ मध्ये ते गेले, आणि १६ डिसेंबर १९५१ रोजी त्यांच्या राहत्या दिवाण देवडीतच हा संग्रह जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते लोकांना खुला झाला. मुसीकाठची आताची इमारत १९६८ ची. हौशी माणसाच्या संग्रहात असतो तसा भरताड मालही इथे आहे. युरोपीय तैलचित्रांच्या दालनांतून मी भराभर चालत जाते. एक-दोन सोडली तर ती चित्रं मला थांबवत नाहीत. चिनीमातीची दालनं ज्यांना त्यातलं कळतं त्यांनी सावकाश बघावीत. मी माझे पाय तीन-चार ठिकाणांसाठी राखून ठेवते, आणि नव्याने जाणाऱ्यालाही तेच सांगते.

त्यातलं एक ठिकाण म्हणजे मेफिस्टोफेलिस आणि मार्गारेटाची जोडमूर्ती. सिकामोर लाकडाच्या एकाच ओंडक्यातून दोघं काढली आहेत. पुढून बघितलं तर गोएथेच्या ‘फाउस्ट’मधला सैतान: टोपडं असलेला झगा, उंच टाचांचे बूट, ओठांवर छद्मी हसू. मागे आरसा लावला आहे, त्यात पाठीची बाजू दिसते, आणि तिथे पाठ नाहीच. तिथे मान खाली घातलेली साधी मुलगी उभी आहे, हातात प्रार्थनेचं पुस्तक. लोक आरशात बघतात, चकित होतात, पुढे जातात. पण जरा बाजूला, मूर्तीच्या कडेला उभं राहावं. आता एका डोळ्यात पुढची आकृती आणि दुसऱ्यात आरशातली, अशा दोन्ही एकदम दिसतात, आणि कारागिरापुढचं कोडं लक्षात येतं. दोन्ही आकृत्यांची बाह्यरेषा एकच आहे. जी रेषा पुढून उर्मट दिसली पाहिजे तीच मागून नम्र दिसली पाहिजे. त्याने ते मानेत सोडवलं आहे. सैतानाचं डोकं गर्वाने किंचित मागे झुकलं आहे. एकाचं मागे झुकणं म्हणजे पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दुसरीचं पुढे झुकणं. तोच कोन, तेच लाकूड. त्याचा ताठा आणि तिची लीनता एकाच कलण्यातून निघाली आहेत. ज्याने हे केलं त्याचं नाव कुणाच्या तोंडी नाही. मी मात्र दर वेळी त्या मानेपाशी येऊन थांबते आणि मनातल्या मनात त्याला हात जोडते.

घड्याळाची गोष्ट वेगळी. कुक अँड केल्व्ही या कलकत्त्याच्या पेढीचं हे वाजणारं घड्याळ साऱ्या संग्रहालयातलं सगळ्यात लाडकं. तास भरायला तीन मिनिटं उरली की एक दाढीवाला बुटका दार उघडून बाहेर येतो, तास भरला की ठोके देतो आणि पुन्हा आत जातो. बाराच्या ठोक्यांना तर बसायला जागा मिळत नाही. पण बुटक्याची वाट बघताना त्याच्या सोबतच्या लोहाराकडे कुणाचं लक्ष जात नाही. तो दर सेकंदाला हातोडी मारत असतो. गर्दी असो नसो, कुणी बघो न बघो, त्याचं काम चालू. बुटक्याला टाळ्या मिळतात आणि घड्याळाची नाडी मात्र लोहाराच्या हातात असते. यंत्र बनवणाऱ्याने गंमत आणि काम यांची ही विभागणी फार विचाराने केली आहे असं मला वाटतं. इथे उभं राहण्याची जागा सगळ्यात मागे. तिथून घड्याळ लहान दिसतं, पण घड्याळाकडे लागलेले शेकडो चेहरे दिसतात: खांद्यावर बसलेली पोरं, बुरखा वर केलेल्या आज्या, शाळेची सहल, खेड्यातून आलेले पागोटेवाले बाबा. तीन मिनिटं इतकी माणसं एका दारावर डोळे लावून गप्प बसतात. असं दृश्य मी दुसऱ्या कुठल्या संग्रहालयात पाहिलेलं नाही.

जेडच्या दालनात मात्र एकटंच जावं, आणि नाक काचेला लागेल इतकं जवळ. जेड हा चिवट दगड. छिन्नीला दाद देत नाही. कठीण वाळूची पूड लावून तो घासत घासत झिजवावा लागतो. म्हणजे समोरच्या वस्तूतली प्रत्येक पाकळी, प्रत्येक अक्षर कोरलेलं नाही, झिजवलेलं आहे. कित्येक दिवसांच्या घासण्यातून एक वळण. इथे सुलतान अल्तमशचं नाव असलेली रेहल आहे, कुराण ठेवून वाचण्यासाठीची; जहांगीरचा खंजीर आहे, नूरजहाँचा म्हणून ओळखला जाणारा फळं कापायचा चाकू आहे, शहाजहानची तिरंदाजीची अंगठी आहे. नावं मोठी आहेत म्हणून माणसं थांबतात. मी कडा बघायला थांबते. जेड जिथे पातळ होतो तिथे उजेड आत शिरतो आणि दगडाचा रंग बदलतो, जाड भागात गढूळ हिरवा तर कडेला जवळजवळ दुधी. दगड कुठवर पातळ करायचा हे कारागिराने उजेडावर बेतलं आहे. आणखी अर्धा दोरा घासला असता तर तुकडा उडाला असता. तिथेच त्याने हात आवरला.

तिथून मी बिदरीच्या हुक्क्यांकडे जाते, कारण बिदर आमच्या गाडीच्या वाटेवरचं. जस्तात थोडं तांबं घालून ओतलेलं भांडं, त्यावर खोदकाम, खोदलेल्या खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवलेला. या टप्प्याला भांडं करडंच असतं आणि चांदी त्यात हरवलेली असते. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप फासतात. जस्त काळंभोर होतं, चांदीला काही होत नाही, आणि हरवलेली नक्षी एका क्षणात उमटते. काचेसमोर जरा खाली वाका, पुन्हा उठा: चांदी विझते, पेटते. हुक्क्याच्या गोल पोटावर अफूची फुलं अशी बसवली आहेत की माणूस हलला की फुलं हलतात. मैफलीत हुक्का हातोहात फिरत असेल आणि दिव्याच्या उजेडात ती फुलं उमलत-मिटत असतील, हा विचार त्या कारागिराने नक्की केला होता.

पुरानी हवेलीतलं निजामांचं संग्रहालय तासाभरात होतं. सहाव्या निजामाची, महबूब अली पाशांची, दुमजली लाकडी कपाटांची रांग मात्र बघण्यासारखी. वरच्या मजल्यावर जायला हाताने चालवायचा लाकडी पाळणा आहे. कपड्यांचा शौक बाजूला ठेवा. त्या कपाटांच्या दारांची ओळ एका टोकाला उभं राहून बघा. दार दाराला कुठे म्हणून खालीवर झालेलं नाही. सुताराचा ओळंबा एवढ्या वर्षांनीही चुकलेला नाही. चौमहल्ला राजवाड्यातल्या दरबार हॉलमध्ये एकोणीस झुंबरं आहेत. तिथे मधोमध संगमरवरी चौथऱ्यासमोर उभं राहिलं की सगळी एकदम दिसतात. बाकी तिथे उन्हात फार फिरू नये. संध्याकाळसाठी दम राखावा.

कारण खरं शहर दिवे लागल्यावर सुरू होतं.

सालारजंगपासून चारमिनारपर्यंत चालतच जावं. मदिना चौक ओलांडला की पथरगट्टीच्या दगडी कमानींची ओळ लागते, तिच्याखाली अत्तराची, कापडाची, शेरवानीची दुकानं. पुढे गुलजार हौज. वाहनांच्या गराड्यातला हा छोटा हौद लोक बघतही नाहीत. त्याच्याशी उभं राहून चारी दिशांना बघा. चारकमान म्हणतात त्या चारही कमानी इथून सारख्या अंतरावर आहेत: उत्तरेला मछली कमान, पूर्वेला काली कमान, पश्चिमेला सेहर-ए-बातिल, दक्षिणेला चारमिनार कमान. चारशे वर्षांपूर्वीच्या नगररचनाकाराने या कमानींचा मध्य इमारतीने भरला नाही, मोकळा ठेवला आणि माणसाला उभं राहायला जागा दिली. दक्षिणेच्या कमानीतून पुढे निघालं की चारमिनार समोर येतो. कमान त्याला चौकट देते. एकेक पाऊल टाकाल तसा तो चौकटीत मोठा होत जातो आणि शेवटी चौकटीतून बाहेर पडतो. ओळख करून देण्याची ही दरबारी अदब मला अजून दुसऱ्या कुठल्या वास्तूत दिसलेली नाही.

चारमिनार १५९१ चा, मुहम्मद कुली कुतुबशहाचा. त्याच्यावर चढायला १४९ पायऱ्या आहेत, पण ते दिवसाचं काम. रात्री तो खालून वाचायचा असतो. तळाला चार मोठ्या कमानी, म्हणजे जिथे इमारतीचा भार सगळ्यात जास्त तिथेच सगळ्यात जास्त मोकळी हवा. त्यावर लहान कमानींची रांग, त्यावर आणखी लहान, मग जाळी, मग आकाश. कमानी वर जाताना लहान होत जातात त्यामुळे नजर फसते आणि वास्तू आहे त्याहून उंच भासते. मिनारांवर सज्जे थोड्याथोड्या उंचीवर येतात आणि नजर दमण्याआधी तिला टेकायला जागा देतात. दिवसा उन्हात चुन्याचं गचकाम सपाट दिसतं. रात्री दिवे खालून असतात, मग प्रत्येक पाकळी, प्रत्येक वेलबुट्टी स्वतःची सावली वर टाकते. मिनारांच्या टोकावरच्या छोट्या घुमटांच्या बुडाशी असलेल्या पाकळ्या मी पहिल्यांदा नीट पाहिल्या त्या रात्रीच. दगडाच्या इमारतीने फुलातून वर यावं ही कुतुबशाही कल्पना इतकी नाजूकपणे केली आहे की ती शोधावी लागते. चार बाजूंची घड्याळं नंतरची, १८८९ ची. ती न जमलेली भर आहे असं अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. बाजारातल्या माणसाला वेळ कळावी लागतेच.

रमझानच्या महिन्यात या चौकात जावं. तरावीहची नमाज झाली की गर्दी सुरू होते ती सेहरीपर्यंत. रात्री एक वाजता कडेवर पोर घेतलेल्या बाया चपलांचे भाव करत असतात, म्हाताऱ्या खुर्च्या टाकून बसलेल्या असतात, नव्या नवऱ्या मुली सासूबरोबर कापडं बघत असतात. मी मावशीबरोबर गेले होते. लेकी-सुनांनी आणि म्हाताऱ्यांनी भरलेली रात्र काय असते ते तिने आमच्या गावात जत्रेखेरीज कधी पाहिलं नव्हतं. मोठ्या शहराची रात्र म्हणजे बंद खोल्यांतलं संगीत आणि महागडे दरवाजे, अशी कल्पना करून येणाऱ्याने एकदा इथे यावं. इथल्या रात्रीला दरवाजाच नाही.

हलीमच्या भट्टीपाशी थांबावं, आणि तोंडासाठी नाही, कानासाठी थांबावं. विटा आणि मातीने लिंपलेल्या चुलीवर मोठी डेग, तिच्यात गहू, मटण, डाळी, तूप, मसाले, आणि दोन गडी जाड लाकडी घोटणीने ते सारखं घोटत असतात. सुरुवातीला घोटणीचा आवाज ओला असतो, मग जड होतो, मग दबका. ऐकून ऐकून उस्तादाला कळतं की आता गव्हाचा दाणा उरला नाही. बारा-बारा तासांचा हा खेळ. ताटलीत येतं ते पुरणाइतकं एकजीव असतं, पण चमचा उचलला की मटणाचे बारीक धागे दिसतात. सगळंच लगदा झालं असतं तर तो कंटाळवाणा पदार्थ झाला असता. धागे तुटू न देता दाणा मोडायचा, हे घोटणाऱ्याच्या मनगटाचं कसब आहे. वर तळलेला कांदा कुरकुरीत, कोथिंबीर, लिंबू. लिंबू आधी सगळं पिळू नये. पहिला घास तसाच घ्यावा, तुपाचा आणि गव्हाचा. मग थोडं लिंबू, मग थोडं आणखी. तिसऱ्या घासाला मसाला पुढे येतो. हैदराबादी हलीमला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते योग्यच झालं. पण खरं मानांकन डेगेभोवती उभ्या असलेल्या लोकांचं. मांस न खाणाऱ्या मावशीने भट्टीशी उभं राहून घोटणीच तेवढी बघितली, आणि तिने घोटणाऱ्याला विचारलं, ‘दादा, खांदे भरून येत नाहीत का?’ तो हसला, ‘ईद तक नै दुखते अम्मा.’

मग चहा. चारमिनारच्या सावलीतल्या निमरा कॅफेमध्ये बसायला जागा नसते, उभ्यानेच प्यायचा. इराणी चहाची गंमत अशी की दूध आणि चहा कपात येईपर्यंत एकमेकांना भेटत नाहीत. चहाचं पाणी झाकण लावून दमावर मुरत ठेवलेलं, दूध वेगळं आटत ठेवलेलं. वाढणारा आधी कपात एक ओततो, मग दुसरं, आणि रंगावर थांबतो. मोजमाप नाही, चमचा नाही, तो फक्त रंग बघतो. पहिल्या घोटाला आटीव दुधाची गोडी लागते, तुरटपणा मागून येतो, घोट उतरल्यावर. सोबतचं उस्मानिया बिस्किट खारटगोड असतं, आणि तो खारटपणा नेमका त्या तुरटपणाच्या वेळेला जिभेवर पोचतो. दोन गोष्टींची वेळ इतकी जुळवून आणणं ही लहान कला नाही.

आणि शेवटी लाडबाजार, चारमिनारच्या पश्चिमेला. हा बाजार लांबून बघितला तर नुसता झगमगाट. दिव्यांखाली लाखेच्या बांगड्यांच्या चळती, डोळे दिपतात आणि काहीच दिसत नाही. इथे उभं राहण्याची जागा म्हणजे दुकानाचं लाकडी फळकूट, आणि बघायला हात लागतो. दिवसभर काचेआडून बघितलेलं असतं. इथे काच नाही. लाख निखाऱ्यावर मऊ करतात, लाटून तिची वळी करतात, वर रंगीत लाखेचा थर देतात, गोल वाकवतात, टोकं उष्णतेने जोडतात आणि लाख गरम आहे तोवर चिमट्याने एकेक खडा बसवतात. लाख थंड झाली की खडा पक्का. म्हणजे कारागिराच्या हाताशी वेळ थोडाच असतो, आणि त्या थोड्या वेळात त्याला खड्यांची रांग सरळ ठेवायची असते. २०२४ मध्ये या बांगड्यांनाही भौगोलिक मानांकन मिळालं. पण हाताने केलेला माल कसा ओळखायचा हे मानांकनाच्या कागदावर मिळत नाही, ते बांगडीवालीने शिकवलं. तिने दोन बांगड्या शेजारी धरल्या. एकीत खडे अगदी एका मापाने, दुसरीत कुठे खडा केसभर तिरका, त्यामुळे हात हलवला की चमक एकदम न येता ओळीने धावते. ‘ये हात की है,’ ती म्हणाली. तिरका खडा म्हणजे उणेपणा नाही हे मला त्या धावणाऱ्या चमकेने पटलं. जेड घासणाऱ्याने जिथे हात आवरला, इथे चिमटेवाल्याने तिथेच हात सोडला होता.

मावशीने माप सांगितलं, ‘अडीच.’ बांगडीवालीने ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. ‘हात इधर दो अम्मा.’ तिने मावशीचा हात घेतला, अंगठा तळव्यात मुडपला, बोटांचे सांधे दाबून हात निमुळता केला, आमच्या गावचा कासार करतो अगदी तसा, आणि सव्वादोनची बांगडी बघता बघता मनगटावर चढवली. मावशी चकित. आयुष्यभर अडीचच्या सैल बांगड्या घातल्या म्हणे. मग दुसरा धडा. बांगडी उजेडात धरायची नाही, आतल्या बाजूने बोट फिरवायचं. लाखेची टोकं जिथे जुळवली तो सांधा वरून खड्यांखाली दडलेला असतो, आतून मात्र बोटाला लागतो. वाईट बांगडीत उंचवटा, बऱ्या बांगडीत बारीकशी रेघ. बांगडीवालीने खालच्या खणातून एक जोड काढला आणि फळकुटावर ठेवला, ‘इसमें ढूंडो.’ मावशीने चष्मा काढून ठेवला, बोट एकदा फिरवलं, उलट बाजूने पुन्हा फिरवलं, मग माझ्या हातात दिली. मलाही सांधा सापडला नाही. मावशीने भाव न करता चार जोड बांधायला सांगितले.